ट्रॅब फसल्यावर: पुन्हा ट्रॅब की ट्यूब?

काचबिंदूचं पहिलं ऑपरेशन बहुधा ट्रॅबेक्युलेक्टॉमीचं, थोडक्यात ट्रॅब: डोळ्यातलं पाणी बाहेर पडावं म्हणून पांढऱ्या भागात वाट करून देतात. ते काही वर्षं छान चालतं आणि मग डोळ्यातला दाब हळूहळू वर सरकायला लागतो. एक थेंब सुरू होतो, मग दुसरा, तिसरा, आणि फील्ड टेस्टच्या, म्हणजे नजरेचा आवाका तपासणाऱ्या चाचणीच्या, कागदावरचा काळा भाग वाढलेला दिसतो. ट्रॅबमधून आलेलं पाणी जिथे साठतं तो आवरणाखालचा फुगा, म्हणजे ब्लेब, डॉक्टर सुईने मोकळा करून पाहतात; हे नीडलिंग. तेही पुरलं नाही की प्रश्न उरतो तो हाच: त्याच डोळ्यावर दुसऱ्यांदा ट्रॅबेक्युलेक्टॉमी करायची, की पाणी बाहेर नेणारी बारीक नळी, म्हणजे ट्यूब बसवायची?

माझ्या दोन्ही डोळ्यांची पहिली ट्रॅब अशीच बंद पडली. डाव्या डोळ्यावर दुसऱ्यांदा ट्रॅब केली. उजव्याची पाळी काही वर्षांनी आली तेव्हा ट्यूब घेतली. दोन्ही पर्याय अंगावर घेतलेला माणूस म्हणून लिहितो आहे, डॉक्टर म्हणून नाही. राहतो चिपळूणला आणि माझे काचबिंदूचे डॉक्टर आहेत पुण्यात. हे आधीच सांगतो, कारण माझ्या निर्णयात या अंतराचा वाटा कोणत्याही आकड्यापेक्षा मोठा होता.

तरी आकडे टाळून चालणार नाही. या विषयात डॉक्टर ज्याचा हमखास दाखला देतात तो अभ्यास म्हणजे ‘ट्यूब व्हर्सेस ट्रॅबेक्युलेक्टॉमी’, थोडक्यात टीव्हीटी. मुख्यतः अमेरिकेतल्या 17 केंद्रांवर 212 डोळे घेतले होते. आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले, ट्रॅब फसलेले किंवा दोन्ही झालेले असे ते डोळे. निम्म्यांना 350 चौरस मिलिमीटर प्लेटची बेअरफेल्ट नावाची ट्यूब, निम्म्यांना व्रण रोखणारं मायटोमायसिन हे औषध लावून ट्रॅब. पाच वर्षांचे निकाल 2012 मध्ये छापून आले. ट्यूब फसण्याचं प्रमाण 29.8 टक्के होतं, ट्रॅब फसण्याचं 46.9 टक्के. काचबिंदूसाठी पुन्हा टेबलावर जावं लागलं ते ट्यूबवाल्यांपैकी 9 टक्क्यांना आणि ट्रॅबवाल्यांपैकी 29 टक्क्यांना. दाब मात्र ट्रॅबमध्ये किंचित कमी राहिला: सरासरी 12.6 (मिलिमीटर पारा), ट्यूबमध्ये 14.4. थेंबांची संख्या जवळपास सारखीच.

हे वाचून ट्यूबच सरस असं वाटेल, पण थोडं थांबा. ज्या डोळ्यांवर आधी कधीच चिरा पडलेला नाही, अशांवर याच गटाने पुढे वेगळा अभ्यास केला. तिथे पहिल्या वर्षाअखेर ट्यूब फसण्याचं प्रमाण 17 टक्के होतं आणि ट्रॅबचं 8. म्हणजे ट्रॅब हे मुळात कमकुवत ऑपरेशन नाही. 1968 मध्ये केर्न्सनी ते मांडल्यापासून आजवर ते टिकून आहे ते उगाच नाही. अडचण दुसऱ्या खेपेला येते. ट्रॅबचं सगळं यश डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणावर अवलंबून असतं, आणि पहिल्या ऑपरेशनने तिथे व्रण पडलेला असतो. रफू केलेल्या कापडावर पुन्हा टाका घालण्यासारखं ते काम आहे. शिवाय जागाही मोजकीच. ब्लेब वरच्या पापणीखाली झाकलेला राहायला हवा, खाली केला तर जंतुसंसर्गाचा धोका फार वाढतो. म्हणून दुसरी ट्रॅब पहिलीच्या शेजारीच कुठेतरी बसवावी लागते.

ट्यूब या वादात पडत नाही. तिची प्लेट बुबुळाच्या कडेपासून आठ-दहा मिलिमीटर मागे, डोळा हलवणाऱ्या स्नायूंच्या मधे बसते. तिथलं आवरण बहुधा पहिल्या ऑपरेशनच्या तावडीतून सुटलेलं असतं. पाणी पुढून नळीने मागे जातं आणि तिथे शोषलं जातं. व्रण तिथेही धरतो, प्लेटभोवती वेष्टण तयार होतंच. पण नळीचं तोंड उघडं राहतं, आणि प्लेटच्या आकाराएवढी जागा तरी पाण्याला मिळते.

हे झालं सर्वसाधारण. आता माझ्या डाव्या डोळ्याचं.

दुसऱ्या ट्रॅबचं ऑपरेशन स्वतः सोपं गेलं. दुखलं नाही म्हणावं इतकं कमी दुखलं. खरं काम सुरू झालं ते त्यानंतर. या ऑपरेशनमध्ये शरीर जखम भरायला धावतं आणि डॉक्टर ती पूर्ण भरू नये म्हणून धडपडतात. दाब चढला की लेझरने एक टाका सोडायचा. चार दिवसांनी पुन्हा पाहायचं. ब्लेब चपटा झाला की शेजारी इंजेक्शन. मग मालिश शिकवायचं. मग नीडलिंग. यातलं काहीही ठरलेल्या तारखेला होत नाही. आज दाब 9 असला तर आठवड्याने तो 26 असू शकतो, आणि तो आठवडा वाया गेला तर ऑपरेशनही वाया जाऊ शकतं. शहरात राहणाऱ्याला हे जमतं. सकाळी फोन, दुपारी ओपीडी. मला कुंभार्ली घाट चढून कऱ्हाड, सातारा करत पुण्याला जायचं आणि परत यायचं. पावसाळ्यात ते किती भरवशाचं असतं हे कोकणातल्या कोणालाही सांगायला नको. बरोबर कोणीतरी लागतं, कारण डोळ्यावर पट्टी आणि बाहुली मोठी करण्याचे थेंब टाकलेले. मुलाने किती रजा काढाव्यात, बायकोने किती वेळा एसटीच्या थांब्यावर उभं राहावं, याचा विचार ऑपरेशनच्या कागदावर कुठेच नसतो.

तो काळ संपला आणि डावा डोळा खरोखर उत्तम झाला. आजही त्याचा दाब 10-11 च्या आसपास असतो, तोही एकही थेंब न टाकता. हा आकडा ट्यूबवाल्या डोळ्याने कधी दिला नाही आणि देईल असं वाटत नाही. डाव्या डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी नस आधीच बरीच खराब होती, त्यामुळे त्याला इतका कमी दाब हवाच होता. त्या डोळ्यासाठी तेव्हा जो सल्ला मिळाला तो योग्य होता, असंच मी म्हणेन.

पण दुसऱ्या ट्रॅबच्या वेळी मायटोमायसिन सहसा जोरकसपणे वापरावं लागतं, नाहीतर व्रण पुन्हा जिंकतो. त्यामुळे ब्लेब अनेकदा पातळ आणि पांढुरका होतो. माझा तसाच आहे. असा ब्लेब कधीही झिरपू शकतो, आणि त्यातून जंतू आत शिरले तर डोळा काही दिवसांत जाऊ शकतो. हा धोका पहिल्या वर्षाबरोबर संपत नाही, जन्मभर राहतो. म्हणून डॉक्टरांनी निक्षून सांगितलेला नियम असा: डोळा लाल झाला, चिकट स्राव आला, अंधुक दिसलं, तर त्याच दिवशी दाखवायचं. उद्या नाही.

22 जुलै 2021 ला चिपळूण पाण्याखाली गेलं. पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर चिखल होता. तो उपसताना, सुकल्यावर त्याची धूळ उडताना, डाव्या डोळ्याला जपणं अशक्य होतं. एका संध्याकाळी तो लाल झाला. वीज नव्हती, फोन लागत नव्हते, ठिकठिकाणी दरडी पडल्या होत्या, आणि गावातल्या दवाखान्यांमध्येही चिखलच होता. घरात ठेवलेले अँटिबायोटिकचे थेंब टाकत राहिलो. कऱ्हाडच्या एका नेत्रतज्ज्ञापर्यंत पोचलो तेव्हा त्यांनी डोळ्याला रंगाची नारिंगी पट्टी लावून ब्लेब झिरपतो का ते पाहिलं. संसर्ग वरवरचाच होता. डोळा वाचला. पण मधले दिवस कसे गेले ते घरच्यांना माहीत आहे. शेजाऱ्यांची घरं वाहून गेलेली असताना आपण एका लाल डोळ्यासाठी जीव मुठीत धरून बसलो आहोत याची लाज वाटायची, आणि भीती तरीही जायची नाही.

उजव्या डोळ्याचा दाब पुढच्या वर्षी थेंबांना जुमानेनासा झाला तेव्हा माझ्यापुरता निकाल या एकाच गोष्टीने लागला. ब्लेबला डॉक्टर जवळ लागतो. ऑपरेशननंतरचे दोन-तीन महिने लागतो आणि त्यानंतर जन्मभर कोणत्याही दिवशी लागू शकतो. टीव्हीटीचे आकडे डॉक्टरांनी दाखवले, तेही ट्यूबच्या बाजूचेच होते. पण खरं सांगायचं तर ते उलटे असते तरी मी बहुधा ट्यूबच घेतली असती.

ट्यूब म्हटलं की आपल्याकडे सगळे सरसकट ‘व्हॉल्व्ह’ म्हणतात, पण निवड करताना दोन प्रकार वेगळे ओळखावे लागतात. अहमद ट्यूबमध्ये खराखुरा व्हॉल्व्ह असतो. ती पहिल्या दिवसापासून पाणी सोडते आणि दाब फार खाली जाऊ देत नाही. डोळ्याचा दाब 40-45 असेल आणि थांबायला वेळच नसेल तर ती मोठीच सोय. बेअरफेल्टमध्ये व्हॉल्व्ह नसतो, पण प्लेट जवळजवळ दुप्पट मोठी: 350 विरुद्ध 184 चौरस मिलिमीटर. या दोघींची तुलना करणाऱ्या दोन अभ्यासांचे एकत्रित पाच वर्षांचे निकाल आहेत, 514 रुग्णांचे. अहमद फसण्याचं प्रमाण 49 टक्के, बेअरफेल्टचं 37. सरासरी दाब अनुक्रमे 15.8 आणि 13.2. उलट बाजूला, दाब अतिशय खाली जाऊन फसल्याची उदाहरणं अहमदमध्ये नगण्य होती आणि बेअरफेल्टमध्ये साडेचार टक्के.

आपल्याकडे बेअरफेल्टच्या धर्तीवरची ट्यूब मदुराईला बनते. अरविंद नेत्र रुग्णालयाशी जोडलेली ऑरोलॅब ही संस्था 1992 पासून मोतीबिंदूच्या लेन्स बनवते आहे, आणि 2013 पासून तिची ही ट्यूब बाजारात आहे. डॉक्टर तिला ‘आडी’ म्हणतात. प्लेट तीच, 350 ची, सिलिकॉनची. परदेशी ट्यूबच्या मानाने ती बरीच स्वस्त आहे, आणि बिल खिशातून भरणाऱ्याला हा फरक लहान नसतो. मी तीच बसवली.

व्हॉल्व्ह नसल्यामुळे ही नळी सुरुवातीला विरघळणाऱ्या धाग्याने बांधून टाकतात. प्लेटभोवती वेष्टण तयार व्हायच्या आत पाणी सुटलं तर डोळा पिचकेल, म्हणून. तो धागा साधारण पाच ते सहा आठवड्यांनी विरघळतो. तोवर दाब चढलेलाच राहतो आणि सगळे थेंब चालू ठेवावे लागतात, शिवाय दाब उतरवणाऱ्या डायमॉक्सच्या गोळ्या. हा काळ कंटाळवाणा आहे, यात शंका नाही. डायमॉक्सने बोटांना, ओठांना मुंग्या येतात, भूक मरते, तोंडाची चव जाते. पोटॅशियम कमी होऊ नये म्हणून डॉक्टरांनी नारळपाणी आणि केळी खायला सांगितली, ती आमच्याकडे घरचीच. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर मात्र या गोळीबद्दल आधीच बोलून घ्या. अशा माणसाला अहमद अधिक सोयीची पडू शकते.

तरीही हा काळ मला डाव्या डोळ्याच्या काळापेक्षा कितीतरी हलका गेला. कारण साधं आहे: इथे कसोटीचा आठवडा आधीच माहीत असतो. ऑपरेशन मी मुद्दाम दिवाळीनंतर करून घेतलं, पाऊस संपलेला, घाट मोकळा. धागा सुटण्याचा अंदाज नाताळच्या सुमाराचा होता, तेव्हा बहिणीकडे कोथरूडला जाऊन राहिलो. एके सकाळी उठलो तर उजव्या डोळ्याने धूसर दिसत होतं. धागा सुटला होता आणि दाब एकदम खाली आला होता. डॉक्टरांनी त्याच दिवशी पाहिलं, अ‍ॅट्रोपिनचे थेंब दिले, काही थेंब बंद केले. हळूहळू डोळा सावरला. हेच मला चिपळुणात झालं असतं तर घाबरगुंडी उडाली असती. पण तो आठवडा ठरलेला होता, म्हणून मी जागेवर होतो. ट्रॅबनंतर असा एकच आठवडा कोणी दाखवू शकत नाही.

आता उजव्या डोळ्याचा दाब 13 ते 15 असतो, रात्रीचा एक थेंब टाकून. ओपीडीत दाब मोजणारी मुलगी डाव्याचा आकडा आधी सांगते आणि खूश होते, मग उजव्याचा सांगताना तिचा आवाज थोडा उतरतो. मला मात्र उजवा डोळा जास्त निश्चिंत वाटतो. पाऊस सुरू झाला की डाव्याची काळजी लागते, उजव्याची नाही. उजव्यालाही संसर्ग होऊ शकतो, पण ज्या पातळ फुग्याची मी रोज आरशात तपासणी करतो तसं काही त्या डोळ्याच्या पुढच्या भागावर नाही.

ट्यूबचे दोष लपवायचे नाहीत, आणि त्यातले दोन मोठे आहेत. पहिला कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा. नळीचं टोक डोळ्याच्या पुढच्या भागात, कॉर्नियाच्या जवळ असतं, आणि वर्षानुवर्षांत कॉर्नियाच्या आतल्या पेशी झिजू शकतात. टीव्हीटीत पाच वर्षांत कॉर्नियाला कायमची सूज आली ती ट्यूब गटातल्या 16 टक्क्यांना आणि ट्रॅब गटातल्या 9 टक्क्यांना. ज्याचा कॉर्निया आधीच अशक्त आहे त्याने हा आकडा दोनदा वाचावा. दुसरा दोष नळी उघडी पडण्याचा. नळीवर दात्याच्या डोळ्यातल्या ऊतीचं ठिगळ लावतात. ते काही वर्षांनी विरलं आणि नळी बाहेर दिसू लागली तर पुन्हा झाकावी लागते, तेही तातडीने, कारण उघड्या नळीवाटे जंतू आत जातात. म्हणून डोळा चोळायची सवय असेल तर ती सोडावीच लागते. काहींना एकाचे दोन दिसतात, कारण मोठी प्लेट स्नायूंच्या मधे बसलेली असते. मला पहिले काही आठवडे उजवीकडे वर पाहताना तसं व्हायचं, पुढे गेलं. ज्यांचं जात नाही त्यांना चष्म्यात प्रिझम घालून घ्यावा लागतो. बारीक काम करणाऱ्या, जिना सतत चढणाऱ्या-उतरणाऱ्या माणसाला हे जाचक होईल.

डायोड लेझरबद्दल दोन ओळी. त्यात पाणी बाहेर काढण्याऐवजी पाणी तयार करणारा भागच लेझरने भाजतात. चिरा नाही, टाके नाहीत, म्हातारपणी झेपणारं. पण त्याचं मोजमाप हातात राहत नाही आणि नजर थोडी उतरण्याची शक्यता असते, म्हणून ज्या डोळ्यात चांगली दृष्टी शिल्लक आहे त्यासाठी ते बहुधा मागच्या रांगेत ठेवतात. माझ्यासमोर तो पर्याय कधी गंभीरपणे आलाच नाही, त्यामुळे जास्त बोलत नाही.

तर मग पुन्हा ट्रॅब कोणी करावी? माझ्या मते, ज्यांच्या नसेची अवस्था अशी आहे की दाब 10-12 च्या वर परवडणारच नाही, त्यांनी तिच्याकडे पाठ फिरवू नये. कॉर्निया अशक्त असेल त्यांनीही. पहिली ट्रॅब पंधरा-वीस वर्षं टिकून मग थांबली असेल तर तुमचं शरीर फार व्रण धरत नाही असा तो संकेत असू शकतो, आणि दुसरीही टिकण्याची आशा धरता येते. आणि काचबिंदूचे डॉक्टर रिक्षाच्या अंतरावर असतील तर माझा अर्धा युक्तिवाद तुम्हाला लागूच नाही. ठाणे, नाशिक, पुण्यात राहणाऱ्याने माझं ऐकून ट्यूब घेण्याचं कारण नाही.

पण पहिली ट्रॅब दोन-तीन वर्षांतच बंद पडली असेल, नीडलिंग करूनही पुन्हा मिटली असेल, वय फार नसेल, मधुमेहाचा काचबिंदू असेल किंवा डोळा आतून सुजण्याचा आजार असेल, तर दुसऱ्या ट्रॅबला तोच व्रण पुन्हा गाठणार. अशांनी, आणि सिंधुदुर्ग, गडचिरोली, नंदुरबारसारख्या ठिकाणी राहून दर वेळी बस-रेल्वेने शहर गाठणाऱ्यांनी, ट्यूबचा पर्याय पहिल्यांदा विचारावा असं मला मनापासून वाटतं. ‘ट्यूब शेवटची’ असं अजून काही ठिकाणी सांगतात. तिथे नम्रपणे दुसरं मत घ्यायला हरकत नाही.

ट्यूबकडे झुकत असाल तर ऑपरेशनच्या आधी स्पेक्युलर तपासणी करून कॉर्नियाच्या पेशींची मोजणी लिहून घ्या, म्हणजे पुढे दर वर्षी तुलना करता येते. मोतीबिंदू आधी झाला असेल, म्हणजे डोळ्यात लेन्स बसलेली असेल, तर नळीचं टोक बाहुलीच्या मागे, त्या लेन्सच्या पुढे ठेवता येईल का ते विचारा. तसं केलं तर कॉर्नियापासून अंतर राहतं. माझ्या उजव्या डोळ्यात तसंच केलं आहे. आणि धागा कितव्या आठवड्यात सुटेल तेही विचारून ठेवा, म्हणजे त्या दिवसांत कोणाकडे राहायचं ते आधीच ठरवता येईल.